बिजागरी तुटली? थांबा, बहुतेक नसेल!

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. माझ्याकडचा एक लॅपटॉप साधारण त्याच वयाचा. परवा झाकण उघडताना 'कट्' आवाज आला आणि उजवा कोपरा वर आला.

अशा वेळी बिजागरी बहुधा शाबूत असते. आतलं ग्रीस वाळून ती घट्ट होते आणि सगळा जोर प्लास्टिकच्या खुंट्यांत बसवलेल्या पितळी नटांवर येतो. जुनं प्लास्टिक ठिसूळ. आपला कडक उन्हाळा मिरचीच्या पथारीला बरा, त्याला नाही!

आधी चार्जर आणि बॅटरी काढा. बिजागरीचा नट पाव-पाव फेरा सैल करा, थेंबभर ग्रीस द्या. झाकण बोटाने हलावं, पण सोडलं तिथेच थांबावं. मग पितळी नट जागेवर ठेवून भोवती अराल्डाइट भरा. साधंच घ्या, २४ तास हात लावू नका. पाच मिनिटांवालं इथे मला पटत नाही. स्क्रूला आधी किंचित व्हॅसलीन चोळा, नाहीतर तोही कायमचा चिकटेल. डिस्प्लेची केबल बिजागरीजवळूनच जाते, तिला जपा.

शहादा, तळोदा, नवापूर, कुणाकडे असा जुना लॅपटॉप पडून असेल तर भंगारात घालू नका. आधी इथे फोटो टाका.