संगणकावरील जुन्या खात्यातील नोंदी नव्या खात्यात कशा न्याव्यात ?

शेतीचा जमाखर्च, दुधाचे हिशेब, ठिबक संचाच्या पावत्या, पीक विम्याच्या अर्जाच्या प्रती आणि सातबाऱ्याचे उतारे आता अनेक शेतकरी कुटुंबांत संगणकावर ठेवले जातात. वहीला वाळवीचे भय असते. संगणकावरील नोंदींना निराळ्या प्रकारचे भय असते. एखाद्या सकाळी नेहमीचे खाते उघडतच नाही, किंवा उघडते, पण पडद्यावरील सर्व नोंदी नाहीशा झालेल्या दिसतात. अशा वेळी नोंदी बहुधा नष्ट झालेल्या नसतात. त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट तेवढी बंद झालेली असते. मात्र घाबरून घाईने काही केल्यास मूळ बिघाडापेक्षा अधिक नुकसान होते. म्हणून नवे खाते उघडून जुन्या नोंदी त्यात सुरक्षितपणे आणण्याची रीत प्रत्येक कुटुंबास माहीत असणे इष्ट होय. ती येथे विंडोज १० व विंडोज ११ यांस अनुसरून दिली आहे.

प्रोफाइल म्हणजे काय ?

नव्या खात्यातून प्रथम प्रवेश केला की विंडोज 'सी' ड्राइव्हमधील 'युजर्स' या फोल्डरात त्या व्यक्तीसाठी एक स्वतंत्र फोल्डर निर्माण करते. यासच युजर प्रोफाइल म्हणतात. त्यात दोन प्रकारच्या वस्तू असतात. पहिल्या प्रकारात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स इत्यादी फोल्डर येतात. कुटुंबाच्या खऱ्या नोंदी येथेच असतात. दुसऱ्या प्रकारात त्या खात्याची मांडणी येते. पडद्याची रचना, मराठी कळफलक, निरनिराळ्या प्रोग्रामांच्या सोयी यांची नोंद 'एनटीयुजर.डॅट' ही लपविलेली फाइल आणि 'अॅपडाटा' हा लपविलेला फोल्डर यांत असते.

याशिवाय विंडोज प्रत्येक खात्यास एक ओळखक्रमांक देते. जुने खाते काढून त्याच नावाने नवे उघडले, तरी क्रमांक निराळाच मिळतो. कोणती फाइल कोणी उघडावी, हे विंडोज नावावरून नव्हे, तर या क्रमांकावरून ठरविते. जमिनीचा ताबा मिळाला तरी फेरफार मंजूर झाल्याखेरीज सातबाऱ्यावरील नाव बदलत नाही, तसाच हा प्रकार आहे.

संपूर्ण प्रोफाइल का नेऊ नये ?

२००१ साली निघालेल्या विंडोज एक्स-पीमध्ये संपूर्ण प्रोफाइलची प्रत करण्यासाठी 'कॉपी टू' नावाची कळ असे. २००९ सालच्या विंडोज ७ मध्ये ही कळ केवळ विंडोजच्या मूळ नमुना-प्रोफाइलपुरती राहिली. यास कारण आहे. 'एनटीयुजर.डॅट' या फाइलीत जुन्या खात्याचे अधिकार नोंदलेले असतात. ती नव्या खात्यात टाकल्यास नवे खातेही नीट चालत नाही. शिवाय मूळ बिघाड पुष्कळदा याच फाइलीत असतो. रोगट बेणे नव्या शेतात लावल्यास रोगही तेथे जातो. म्हणून नोंदी न्याव्यात. मांडणी नव्याने करावी.

प्रत्यक्ष कृती

(१) प्रथम संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. काही वेळा एवढ्याने खाते पूर्ववत उघडते. 'तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये प्रवेश झाला आहे' अशा अर्थाची सूचना दिसल्यास तेथे कोणतेही काम करू नये. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये ठेवलेल्या फाइली साइन आउट करताच नाहीशा होतात.

(२) प्रशासकाचे, म्हणजे 'अॅडमिनिस्ट्रेटर'चे अधिकार असलेल्या दुसऱ्या खात्यातून प्रवेश करून 'सेटिंग्ज'मधील 'अकाउंट्स' या विभागात नवे खाते उघडावे आणि त्यास प्रशासकाचे अधिकार द्यावेत.

(३) संगणक पुन्हा सुरू करून थेट नव्या खात्यातच प्रवेश करावा. जुने खाते मागे उघडे राहिल्यास त्याच्या काही फाइली अडकून राहतात व त्यांची प्रत होत नाही.

(४) 'सी' ड्राइव्हमधील 'युजर्स' उघडून जुन्या नावाचा फोल्डर उघडावा. अधिकार नसल्याची सूचना आल्यास 'कंटिन्यू' ही कळ दाबावी. नंतर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स इत्यादी फोल्डरांतील फाइली नव्या खात्याच्या त्याच नावाच्या फोल्डरांत आणाव्यात.

(५) हे करताना 'कॉपी' करावे, 'कट' करू नये. प्रत केलेल्या फाइलीस नव्या जागेचे अधिकार लागू होतात. त्याच ड्राइव्हवर हलविलेली फाइल मात्र जुनेच अधिकार बरोबर घेऊन येते आणि पुढे उघडण्यास अडथळा होतो. शिवाय मध्येच वीज गेली तर कॉपीच्या रीतीत मूळ नोंदी जागच्या जागी राहतात.

(६) काम संपल्यावर जुन्या व नव्या फोल्डरांवर 'प्रॉपर्टीज' उघडून फाइलींची संख्या व आकारमान ताडून पाहावे. महत्त्वाच्या काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.

विशेष दक्षता

क्रोम व एज या ब्राउझरांत साठविलेले पासवर्ड जुन्या खात्याशी गुप्तलेखनाने बांधलेले असतात. फोल्डर नेल्याने ते नव्या खात्यात उघडत नाहीत. जुने खाते उघडत असेल तोवरच ते ब्राउझरमधून बाहेर काढून घ्यावेत. मात्र अशी काढलेली फाइल कोणासही वाचता येते. म्हणून काम होताच ती नष्ट करावी.

वनड्राइव्ह वापरात असल्यास, ज्या फाइलीवर ढगाचे चिन्ह आहे ती प्रत्यक्ष संगणकावर नसते. नव्या खात्यात त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने वनड्राइव्ह सुरू केले असता ती मिळते.

मराठी कळफलकाची निवड प्रत्येक खात्यापुरती असते. नव्या खात्यात तो पुन्हा जोडावा लागतो. जुन्या खात्यापुरते बसविलेले फाँटही पुन्हा बसवावेत. अन्यथा जुन्या अर्जांतील अक्षरे निराळी दिसण्याचा संभव असतो.

जुने खाते काढण्याची घाई करू नये. 'सेटिंग्ज'मधून खाते काढताना 'डिलीट अकाउंट अँड डेटा' असे विचारले जाते. त्यास होकार दिल्यास खात्याबरोबर त्यातील सर्व नोंदीही जातात आणि त्या रीसायकल बिनमध्ये सापडत नाहीत. किमान एक महिना नवे खाते वापरून पाहावे, सर्व नोंदींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी, आणि मगच जुने खाते काढावे.

आगाऊ तरतूद

वरील सर्व कृती प्रशासकाच्या दुसऱ्या खात्यावर अवलंबून आहे. ज्या घरातील संगणकावर एकच खाते आहे, तेथे ते बिघडल्यावर आत जाण्यास सोपा मार्ग उरत नाही. म्हणून संगणक उत्तम चालत असतानाच प्रशासकाचे अधिकार असलेले एक राखीव खाते उघडून ठेवावे, त्याचा पासवर्ड वहीत लिहून ती वही कुलपात ठेवावी आणि रोजच्या कामासाठी ते खाते वापरू नये. पेरणी वाया गेल्यास हाताशी असावे म्हणून शेतकरी थोडे बियाणे बाजूस काढून ठेवतो. या खात्याचा उपयोगही तसाच आहे, आणि ते उघडण्यास काही मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.