कोशिका, वनस्पतींची व प्राण्यांची

सजीवांच्या शरीराचे रचनात्मक व कार्यात्मक एकक म्हणजे कोशिका (पेशी). वनस्पतींचे शरीर कोशिकांचे बनलेले असते, असे श्लायडेन यांनी १८३८ मध्ये व प्राण्यांचेही तसेच असते, असे श्वान यांनी १८३९ मध्ये प्रतिपादिले. कोशिकापटल, परिकल, प्रकल (केंद्रक) व कलकणू हे घटक दोहोंत सामान्यतः आढळतात.

वनस्पतिकोशिकेस सेल्युलोजाचे दृढ आवरण असते. हिरव्या भागांत हरितकणू व प्रौढ कोशिकेत बहुधा एकच मोठी रिक्तिका असते. प्राणिकोशिकेत आवरण व हरितकणू नसतात. विभाजनाच्या वेळी ती मध्यभागी आवळून दुभंगते. वनस्पतिकोशिकेत मात्र मध्ये नवे आवरण तयार होते.

हा भेद वस्त्रांतही टिकून राहतो. सोलापुरी चादरीतील कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या बाह्यत्वचेतील एकच लांबलेली कोशिका होय. बोंड उकलल्यावर जीवद्रव्य सुकते व मुख्यतः सेल्युलोजाचे आवरण उरते. उलट, धनगरी घोंगडीतील लोकरीचा तंतू केराटीन या प्रथिनाने भरलेल्या असंख्य मृत कोशिकांचा असतो. म्हणूनच जळताना सुताला कागदासारखा व लोकरीला जळक्या केसांसारखा वास येतो. कापडाची पारख करताना ही खूण उपयोगी पडते.