मशिदीचा परिचय घरच्या लेकींनाही

‘दावत’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बिर्याणी आणि शीरखुर्मा येतो. उर्दूत या शब्दाचा मूळ अर्थ ‘बोलावणे’ असा आहे. जेवायला बोलावणे ही दावत, तशीच आपल्या धर्माची ओळख करून घ्यायला बोलावणे हीदेखील दावतच. रमजानमध्ये या दोन्ही दावती एकाच दस्तरखानावर येतात. वाशिम असो, कारंजा असो, रिसोड असो की गावाच्या नावातच पीर असलेले मंगरुळपीर असो, इफ्तारला आलेला शेजारी खजूर तोंडात टाकता टाकता काहीतरी विचारतोच. दिवसभर पाणीसुद्धा चालत नाही का? फितरा म्हणजे काय? आणि मग थोडा दबकत आणखी एक प्रश्न येतो: तुमच्या बायका मशिदीत दिसत नाहीत, त्या कशा?

मागच्या पिढीची अडचण भाषेची होती. धर्माचे शिक्षण उर्दूतून, बाजारातले बोलणे वऱ्हाडीतून. त्यामुळे ‘तकवा’ किंवा ‘सब्र’ मराठीत समजावून सांगायची वेळ आली की शब्द अडायचे. ही अडचण आता बरीच कमी झाली आहे. मुंबईच्या इस्लामिक मराठी पब्लिकेशन ट्रस्टने कुरआनचा अनुवाद आणि अनेक छोट्या पुस्तिका मराठीत आणल्या. 1982 मध्ये स्थापन झालेली स्टुडंट्स इस्लामिक ऑर्गनायझेशन आणि मुलींची गर्ल्स इस्लामिक ऑर्गनायझेशन यांचे कार्यकर्ते महाविद्यालयीन वयाचे असतात. मराठी शाळेत शिकलेली मुलगी आज कुरआनातील एखाद्या आयतीचा अर्थ वर्गमैत्रिणीला सहज सांगते. या तरुणांनी धर्मप्रसाराचा सूरही बदलला. आधी रक्तदान, पूर आला की मदत, वृक्षारोपण; मग विचारले तर धर्माविषयी बोलणे.

त्यातूनच ‘मशीद परिचय’ हा उपक्रम राज्यात रुजला. मुंब्रा, पुणे अशा शहरांत हिंदू, बौद्ध, जैन, ख्रिस्ती शेजाऱ्यांना मशिदीत बोलावतात. वजू कसे करतात, अजानचा अर्थ काय, काबा कोणत्या दिशेला, इमाम कुठे उभा राहतो, हे सगळे दाखवतात. आत एकही मूर्ती नाही, तस्वीर नाही, श्रीमंतासाठी पुढची जागा राखून ठेवलेली नाही, हे पाहून पाहुण्यांना नवल वाटते. वर्षानुवर्षे भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच आत पाऊल टाकलेले असते. गैरसमज घालवायला याहून सोपा उपाय नाही.

पण लहान गावांतल्या अनेक मशिदींत स्त्रियांसाठी स्वतंत्र जागाच नाही. तिथे परिचयाला आलेल्या शेजारीण काकूंनी मेहराब पाहिलेला असतो, आणि त्याच गल्लीतल्या सलमा किंवा नजमा नावाच्या एखाद्या मुलीने तो जन्मात पाहिलेला नसतो. शेजाऱ्याच्या त्या दबक्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच पुस्तिकेने देता येत नाही, ते इथे.

धर्माचा आधार पाहिला तर चित्र वेगळे दिसते. अल्लाहच्या दासींना मशिदीत जाण्यापासून अडवू नका, अशा आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण हदीससंग्रहांत आहे. स्त्रीला घरची नमाज अधिक श्रेयस्कर, असे सांगणाऱ्या हदीसही आहेत, आणि हनफी उलेमा त्यांचा आधार घेतात. जुम्म्याची नमाज तिच्यावर बंधनकारक नाही, याबद्दलही एकमत आहे. मात्र बंधन नसणे वेगळे आणि बंदी असणे वेगळे. पुण्याच्या एका दांपत्याने 2019 मध्ये याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी 2020 मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात लिहून दिले, की इस्लाममध्ये स्त्रियांना मशिदीत नमाजसाठी जाण्यास मनाई नाही. म्हणजे कागदावरचा वाद तेव्हाच बराचसा मिटला. उरला तो प्रश्न जिन्याचा, पडद्याचा, वेगळ्या वजूखान्याचा आणि कमिटीच्या मनाचा.

प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीला कुरआनात मानाचे स्थान आहे. त्यातल्या 58 व्या अध्यायाचे नावच ‘अल-मुजादला’, म्हणजे वाद घालणारी स्त्री. पतीने जुन्या अरबी चालीप्रमाणे ‘तू मला आईसारखी’ म्हणून नाते तोडले, तेव्हा खौला बिन्ते सालबा थेट प्रेषितांकडे आल्या आणि आपली बाजू पुन्हा पुन्हा मांडत राहिल्या. त्यांची तक्रार ऐकली गेली आणि ती चाल मोडीत निघाली, असे हा अध्याय सांगतो.

महाराष्ट्रातही ही परंपरा खंडित नाही. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांच्यासोबत सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधानभवनावर चालून गेल्या. झकिया सोमन आणि नूरजहाँ साफिया नियाज यांच्या याचिकेवर 26 ऑगस्ट 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्क मान्य केला. 31 मार्च 2018 रोजी आझाद मैदानावर हजारो बुरखाधारी स्त्रिया जमल्या, त्या तलाकविषयक विधेयकाला विरोध करण्यासाठी. या स्त्रियांची मते एकमेकींशी जुळणारी नाहीत. पण आपले म्हणणे आपणच मांडायचे, हे त्या सगळ्यांनी ठरवले होते.

मोहल्ल्यातले काम मात्र मोर्च्याइतके डोळ्यांत भरत नाही. दुपारी जोहरनंतर कुणा खालाच्या ओसरीवर तालीम भरते. रात्री एखाद्या घरात स्त्रियांची तरावीह होते. जकातीचा हिशेबही इथेच होतो. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी हा निसाब. तेवढी संपत्ती वर्षभर राहिली, तर शेकडा अडीच रुपये जकात द्यायची. हनफी मतानुसार अंगावरच्या दागिन्यांवरही जकात आहे आणि दागिने जिचे, जकातही तिचीच. म्हणजे घरात राहणारी, एक रुपयाही न कमावणारी बाई या हिशेबात स्वतंत्र दाता ठरते. ही जकात दारावर आलेल्याच्या हातावर सुटी सुटी ठेवायची, की गल्लीतल्या चार जणींनी मिळून एखाद्या गरजू मुलीची नर्सिंगची फी भरायची, हा निर्णय ती घेऊ शकते. नीति आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या वाशिमला अशा निर्णयांची गरज आहे.

2020 चा रमजान अनेकांना आठवत असेल. टाळेबंदीत मशिदी बंद होत्या. तरावीह घरातच झाली. बाप किंवा मोठा मुलगा पुढे, मागे मुले, त्यांच्या मागे आई, बहिणी, आजी. कित्येक घरांत आयुष्यात पहिल्यांदा सगळे कुटुंब एकाच जमातीत उभे राहिले. मशिदी उघडल्या तेव्हा पुरुष परत गेले. स्त्रिया होत्या तिथेच राहिल्या.

काही ठिकाणी बदल होतो आहे. अहले हदीस आणि जमाते इस्लामीशी जोडलेल्या बऱ्याच मशिदींत स्त्रियांची जागा असते. इतरत्र जागा करायची तर फार मोठे काम नाही: बाजूचे एक दार, चार नळ, एक पडदा, एक ध्वनिक्षेपक. मशीद परिचयाची आखणी करणाऱ्या मुलांनी पहिला दिवस आपल्याच आया-बहिणींसाठी ठेवला, तर दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना मशीद दाखवायला त्याच पुढे येतील. शेजारच्या काकूंचा प्रश्न त्यांना विचारता येईल, आणि उत्तरही त्यांच्याचकडून मिळेल.

सुरुवात ईदगाहपासूनही होऊ शकते. प्रेषितांनी ईदच्या दिवशी सगळ्या स्त्रियांना मैदानावर आणायला सांगितले होते, असे उम्मे अतिय्या सांगतात. ज्या दिवसांत नमाज माफ असते, त्या दिवसांतल्या स्त्रियांनीही यावे, बाजूला बसावे, दुआत सामील व्हावे. कुणीतरी विचारले, एखादीकडे ओढायला चादर नसेल तर? तिच्या बहिणीने आपली द्यावी, असे उत्तर मिळाले.