कौल व्यक्तीला की प्रश्नाला?

लोकसभेचा निकाल लागला की विजयी पक्ष जाहीरनाम्यातील प्रत्येक कलमाला जनतेची संमती मिळाल्याचे सभागृहात ठासून सांगतो. हा दावा तपासून पाहण्याची संधी आपल्या देशात क्वचितच आली. गोव्यात ती १९६७ साली आली.

महाराष्ट्रात विलीनीकरण हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा मुख्य कार्यक्रम होता आणि त्याच बळावर तो १९६३ मध्ये सत्तेवर आला होता. तरीही केंद्राने तो जनादेश पुरेसा मानला नाही. जनमत कौलासाठी संसदेने १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर कौलापूर्वी पायउतार झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदारांपुढे उमेदवार नव्हते, दोन पर्याय होते : विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेशासाठी दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. पुढे मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला.

यात विसंगती नाही. राज्य कोणी करावे आणि गोव्याने कोठे राहावे, हे दोन निराळे प्रश्न होते. निराळे विचारले गेले म्हणून उत्तरेही निराळी मिळाली.

आपल्या राज्यघटनेत सार्वमताची सर्वसाधारण तरतूद नाही. अनुच्छेद ३ नुसार राज्यांच्या सीमा बदलतानाही संबंधित विधिमंडळाचे मत संसदेवर बंधनकारक नसते. म्हणूनच जनादेशाचा अर्थ लावताना सत्ताधाऱ्यांनी संयम पाळावयास हवा. मतदाराला जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचे उत्तर त्याच्या तोंडी घालण्याचा अधिकार बहुमतानेही मिळत नाही.