आजोबांची बदली

माझी भाची अमेरिकेत असते. मध्यंतरी तिच्या घरी एक कुत्रा आला, तो चक्क विमानातून! विकत घेतलेला नव्हे. दूरच्या एका राज्यात बेवारस जनावरांच्या निवाऱ्यात पडून असलेला. स्वतःचं छोटं विमान बाळगणारे हौशी वैमानिक तिकडे सुट्टीच्या दिवशी अशा कुत्र्यामांजरांना पदरचं इंधन घालून नव्या घरी पोचवतात. २००८ पासून 'पायलट्स एन पॉज' नावाची संस्था या वैमानिकांची आणि निवाऱ्यांची गाठ घालून देते. भाची फोनवर सांगत होती, "मामा, तिसऱ्या दिवशी तो सोफ्यावर घोरत होता!"

मला त्या कुत्र्याचा हेवा वाटला. बँकेच्या नोकरीत माझ्या अकरा बदल्या झाल्या. तिसऱ्या दिवशी घोरण्याइतकी झोप मला एकाही गावात लागली नाही. आणि त्यावरून आठवली ती आमच्या नगर जिल्ह्यातली, आताच्या अहिल्यानगरातली, एक निराळीच बदली.

नव्वदच्या दशकात मी अकोले तालुक्यातल्या एका शाखेत होतो. प्रवरेच्या पाण्यावर ऊस वाढत होता आणि उसाच्या आडोशानं बिबट्या. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत आम्ही शेळ्यांसाठी कर्ज देत असू. शेळीचा विमा असे आणि त्याची खूण म्हणजे तिच्या कानातला बिल्ला. शेळी दगावली की बिल्ल्यासकट कान आणून दाखवायचा, हा नियम. एके सकाळी एक म्हातारे शेतकरी माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले.

"सायेब, वाघरानं शेळी नेली."

"कान आणलाय का?" मी विचारलं.

"कान बी शेळीलाच व्हता ना, सायेब."

शाखेत हशा पिकला. मीही हसलो. दावा मंजूर झाला नाही. कर्जाचे हप्ते मात्र त्यांनी शेवटपर्यंत भरले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. जाता जाता ते म्हणाले होते, "तुमची करत्यात तशी त्याची बी बदली करा की कुनीतरी."

तशा बदल्या पुढं खरोखरच झाल्या. शेजारच्या जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलात नेऊन सोडण्याचा सपाटाच लावला गेला. हेतू चांगलाच होता. पण डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं हिशेब मांडला, तो उलटाच निघाला. माणसांवरचे हल्ले पूर्वी वर्षाला सरासरी ४ होत, ते या काळात १७ वर गेले. कारण शोधायला फार लांब जायला नको. सोडलेल्या जनावराला ना पाणवठा ठाऊक, ना आडोसा, ना माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा. पकडून, कोंडून, ट्रकमधून आणलेलं ते बिथरलेलं जनावर अनोळखी गावांतून वाट काढत राहतं. आणि इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या येऊन धरतो. बँकेत तरी काय होतं? खुर्ची रिकामी राहत नाही.

मग आले आजोबा. २००९ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक नर बिबट्या विहिरीत पडला. आमच्याकडे बिनकठड्याच्या विहिरींना तोटा नाही. रात्री भक्ष्यामागे धावताना जनावर थेट पाण्यात. वनखात्यानं त्याला बाहेर काढलं. अत्रेयांच्या चमूनं त्याच्या शरीरात ओळखीची चिप बसवली, गळ्यात उपग्रहाच्या मदतीनं ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. त्याचा शांत स्वभाव पाहून नाव ठेवलं 'आजोबा'.

आजोबांनी बदलीचा हुकूम मानला नाही. ते निघाले पश्चिमेला. दिवसा कुठं झाडीत पडून राहायचं, रात्री चालायचं. कसाऱ्याचा लोहमार्ग ओलांडला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईच्या कारखान्यांमधून वाट काढली, खाडी पोहून पार केली आणि सुमारे १२० किलोमीटर चालून जवळजवळ महिन्याभरात ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचले. वाटेत कुणाला ओरखडासुद्धा नाही. कदाचित ते मूळचे तिकडचेच असावेत, असा अभ्यासकांचा कयास. सुजय डहाके यांचा २०१४ चा 'आजोबा' हा चित्रपट याच प्रवासावरचा. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेनं ते गेले. ओळख पटली ती त्या चिपमुळं. इथं शेळीचा कान हरवला होता. तिथं खूण शेवटपर्यंत अंगात राहिली.

पट्ट्याची ही गोष्ट ऐकायला गोड वाटते, पण शहरात बसून बिबट्याचं कौतुक करणं सोपं आहे. २०२५ साली पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. ज्या आईचं लेकरू अंगणातून गेलं, तिला मी कुठल्या तोंडानं आकडे सांगू? माणसावर हल्ला करणारा बिबट्या धरलाच पाहिजे. पण तो धरला की परत सोडता येत नाही. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या केंद्रात असे कितीतरी बिबटे जन्मभर पिंजऱ्यात आहेत. आणि ज्यानं काहीच केलेलं नाही, नुसता दिसला, त्याच्यासाठी पिंजरा मागायचा का? अकोल्यातल्या पाहणीत बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा निघाला गावातल्या कुत्र्यांचा. म्हणजे त्याचा वावर आपल्या अंगणाशीच. शेळ्यांना रात्री पक्का गोठा, उकिरड्यांचा बंदोबस्त, वस्तीवर दिवा: ही कामं बदलीपेक्षा कंटाळवाणी खरी.

निवृत्तीनंतर एकदा संगमनेरकडे नातेवाइकांच्या शेतावर गेलो होतो. ऊसतोडीची टोळी फडात असताना पाचटात बिबट्याची तीन पिल्लं सापडली. वनखात्याची माणसं आली, डॉक्टरांनी पिल्लं तपासली. त्यांना कुठंही नेलं नाही. तिन्हीसांजेला ती प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून, जिथं सापडली त्याच सरीत ठेवली आणि सगळे लांब जाऊन बसलो. तोड थांबलेली. मजुरी बुडाली म्हणून मुकादम कुरकुरत होता. टोळीतली एक बाई मात्र आपलं तान्हं पोर मांडीवर घेऊन अंधारात त्या दिशेनं बघत होती.

साडेनऊच्या सुमारास पाचट वाजलं. क्रेट कलंडल्याचा आवाज झाला, मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा पाचट वाजलं. मग पुन्हा.

"तीन खेपा झाल्या," ती बाई म्हणाली, आणि पोराला घेऊन कोपीकडे निघाली.