गुडघ्यातलं गंधक

सांधेदुखीच्या गोळ्यांची डबी फिरवून मागचा बारीक मजकूर वाचला, तर बहुतेकदा तीन नावं भेटतात: ग्लुकोसामाइन सल्फेट, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट आणि एमएसएम. तिन्हींत एक घटक सारखा आहे, गंधक. फटाक्याच्या दारूतलं हे मूलद्रव्य गुडघ्यात काय करतं?

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत, पेशीही विरळ. वजनाचा बराच मोठा हिस्सा नुसतं पाणी. तरी जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो आणि हा थर तो पेलतो. पाणी पिळून निघत का नाही?

ही करामत गंधकाच्या सल्फेट या रूपाची. कोलॅजेनच्या जाळीत कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या दाटीनं बसलेल्या असतात. त्यांच्यावरचे ऋणभार एकमेकांना दूर लोटतात, सोडियमचे धनभारित आयन ओढून घेतात आणि त्या आयनांमागोमाग पाणी येतं. पाऊल टेकलं की थोडं पाणी बाहेर, उचललं की परत आत. ओल्या स्पंजासारख्या या ये-जा करण्यातून रक्त न पोचणाऱ्या पेशींना पोषण मिळायला मदत होते.

सल्फेट कमी पडलं तर काय होतं, हे डायस्ट्रॉफिक डिस्प्लेशिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारात दिसतं. पेशीत सल्फेट नेणारं प्रथिनच सदोष असतं. मग उंची खुंटते, पावलं वाकडी होतात, सांधे आखडतात. फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून त्याचं जनुक 1994 मध्ये सापडलं.

एमएसएमचं मूळ मात्र समुद्रात. तिथल्या सूक्ष्म शैवालांमुळे डायमिथाइल सल्फाइड हा वायू तयार होतो. समुद्राच्या वासात त्याचा वाटा मोठा. हवेत त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन थोडं एमएसएम बनतं आणि पावसाबरोबर जमिनीवर उतरतं. डबीतलं एमएसएम अर्थात कारखान्यात बनतं. त्याच्या वजनाचा सुमारे 34 टक्के भाग गंधकाचा असतो.

म्हणजे गंधक गिळलं की कूर्चा भरून निघेल? हिशोब इतका सरळ नाही. एमएसएममधलं गंधक दोन कार्बन अणूंनी घट्ट धरलेलं असतं आणि पोटात गेलेल्या एमएसएमचा मोठा भाग लघवीवाटे निघून जातो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 50 रुग्णांच्या 12 आठवड्यांच्या चाचणीत त्यानं वेदना काहीशी कमी झाली. कूर्चा वाढल्याचा हा पुरावा नव्हे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या 1583 रुग्णांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन एकत्र देऊनही एकूण रुग्णांत ती जोडी औषध नसलेल्या गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरली नाही. त्या बिनऔषधी गोळीनंही सुमारे 60 टक्के लोकांना बरं वाटलं होतं!

गोळी घ्यायचीच असेल, तर डॉक्टरांना सांगून घ्यावी. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसोबत ग्लुकोसामाइन धोक्याचं ठरू शकतं. कूर्चेच्या पेशींना सल्फेट मुख्यतः मेथिओनीन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांपासून मिळतं. ती डाळीत आहेत, दुधात आहेत, अंड्यात तर भरपूर. समुद्रावरून आलेल्या गंधकापेक्षा ताटातल्या वरणाचं गंधक गुडघ्याच्या अधिक जवळचं आहे.