डोळ्यात घातलेले औषध जाते कोठे?

डोळ्यात औषध घातले आणि थोड्याच वेळात घशाशी कडू चव आली, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. त्या औषधाने आडवाट धरली, एवढाच त्याचा अर्थ. पापणीच्या कडेला, नाकालगत, अश्रू वाहून नेणारी बारीक छिद्रे असतात. तेथून वाट थेट नाकात उतरते. डोळ्यावरील अश्रूंचा थर सुमारे ७ मायक्रोलिटरचा, आणि बाटलीतून पडणारा थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. वाटीत तांब्या रिता करावा तसाच हा प्रकार! म्हणून एकाऐवजी दोन थेंब घालणे म्हणजे औषध गालाला चोळणे होय.

जे उरते त्यालाही बुबुळापुढचा पारदर्शक पडदा अडवतो. त्याचा वरचा थर स्निग्ध पदार्थांना वाट देतो, मधला पाण्यात विरघळणाऱ्यांना. दोन्ही द्वारपाल राजी झाले तरच प्रवेश. बहुधा शंभरात पाच भागही आत पोचत नाहीत.

काचबिंदूत याचे मोल कळते. हा रोग सहसा दुखत नाही, औषधाने दृष्टी सुधारल्याचेही जाणवत नाही. म्हणून माणूस कंटाळतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. शिवाय १९७८ पासून वापरात असलेले टिमोलॉल नाकातून रक्तात गेले, तर दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकतो, नाडी मंदावते. तेव्हा दमा असल्यास तो डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगावा. खालची पापणी ओढून एकच थेंब घालावा, डोळा मिटावा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध पाच मिनिटांनी.

डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत मात्र थेंबाची धाव क्वचितच जाते. पोटात घेतलेल्या गोळीलाही तेथील रक्तवाहिन्या सहजी आत घेत नाहीत. म्हणून औषध सुईनेच डोळ्यात सोडावे लागते. ऐकून अंगावर काटा येतो खरा. पण डोळा बधिर करून हे काम काही क्षणांत होते. २००६ साली अमेरिकेत मान्य झालेल्या रॅनिबिझुमॅबने वार्धक्यात पडदा झिजलेल्या अनेकांची नजर टिकवली. अडचण एवढीच, की सुई पुनःपुन्हा घ्यावी लागते. त्यावर उपाय म्हणून डोळ्याच्या भिंतीत बसवायची, सहा महिन्यांनी भरायची चिमुकली कुपी २०२१ साली तेथेच मान्य झाली. दोष आढळल्याने २०२२ मध्ये ती मागे घ्यावी लागली, आणि सुधारून २०२४ मध्ये पुन्हा आली.